चार व्हॉल्व्ह आणि जागेश्वरचा गळा

आमच्या घरचं मशीन पहिल्यांदा पूर्ण जोरात वाजलं तेव्हा कौलांवरचं मांजर खाली आलं. ते थेट सुकायला घातलेल्या मासोळ्यांच्या सुपात पडलं आणि एकाही मासोळीला तोंड न लावता पळून गेलं. हे पाहून माझे मालक इतके हरखले, की दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत बसले.

मालकांचं नाव बुधराम. तोंडाने मी ते घेत नाही. कागदावर घ्यायला हरकत नाही, कागद काही चारचौघांत बोलून दाखवत नाही.

आम्ही ढीवर. दिघोरीच्या बाजूला तलावाच्या पाळीखाली आमची वस्ती आहे. तरुणपणी बुधराम मासेमारीसोबत भोंग्याचाही धंदा करत. लग्नात, सप्ताहात उंच बांबूला भोंगा बांधायचा आणि खाली काचेच्या व्हॉल्व्हचं अँप्लिफायर ठेवायचं. त्याला गावात सगळे मशीनच म्हणत. पुढे डीजेवाले आले आणि भोंगे माळ्यावर गेले. पण बुधराम ते व्हॉल्व्ह, ते सॉकेट, त्या तारा जपून ठेवत राहिले. घरात मीठ संपलेलं त्यांना कळत नाही, पण त्या डब्यातला एक स्क्रू मी हलवला तर लगेच कळतं.

आमची नात नंदिनी कॉलेजला जाते आणि आमच्याकडेच राहते. फोनवर बघून बघून ती गिटार शिकली. उन्हाळ्यात तिने आजोबांना विचारलं, "आबाजी, तुमच्या त्या काचेच्या बाटल्यांवर माही गिटार वाजन का?"

झालं. बुढ्यांच्या अंगात वीस वर्षांचा पोरगा शिरला. पत्र्याच्या पेटीचं झाकण कापून त्यांनी सांगाडा केला, त्यात भोकं पाडली, आणि शेवटच्या जागी, जिथून आवाज स्पीकरकडे जातो तिथे, मोठे व्हॉल्व्ह बसवले चार. मोठे व्हॉल्व्ह नवे मागवावे लागले. ते कुरियरने आले तेव्हा बुधरामनी खोका असा उचलून घरात नेला, जसं बाळंतपणाहून लेकरू आणतात.

ट्रान्सफॉर्मर मात्र मी गुंडाळला. जन्मभर जाळी विणलेली माझी बोटं. केसासारखी तांब्याची तार ती तुटू देत नाहीत. तारेच्या थरावर मेणाचा कागद, कागदावर पुन्हा तार. एक कोडी, म्हणजे वीस वेढे, झाली की एक चिंचोका बाजूला ठेवायचा. चिंचोके मध्येच कोंबडीने पसरवले म्हणून एकदा सगळं उलगडून पुन्हा केलं, पण ते जाऊ द्या. स्पीकरला जाणाऱ्या तारा दोन जागी बाहेर काढल्या होत्या. पेनाने लिहिलेलं मेणात पुसून जातं, म्हणून एका टोकाला मी जाळ्याचा लाल दोरा बांधला आणि दुसऱ्याला पिवळा. स्पीकर पिवळ्या दोऱ्यावर जोडला होता.

तर असं ते मशीन. आता त्याचं दुखणं सांगते.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते, आमचा गाण्या-नाचाचा खेळ. आमच्या दंडार मंडळाचा म्होरक्या जागेश्वर. धानाची चांगली शेती आहे, आणि गळा असा, की माइक समोर आणला तर तो बाजूला सारतो. म्हणतो, दंडार छातीतून गावी, डब्यातून नाही. त्याच्या मंडळात पेटी वाजवणारा चंद्रकुमार यंदा कामासाठी पुण्याला गेला. जागा रिकामी झाली. नंदिनीने धीर करून विचारलं, "काकाजी, मी गिटार घेऊन येऊ का?"

जागेश्वर हसला. मग त्याची बायको कौशल्याबाई आतून ओरडली, "येऊ द्या ना तिले! तुमच्या त्या बुढ्या कोंबड्यांत एक तरी पोट्टी दिसन." म्हणून तालमीला बोलावणं आलं.

तालीम जागेश्वरच्या अंगणात होती. नंदिनीने मशीनचा कान, म्हणजे आवाजाचं बटण, जरासाच पिळला तर आवाज आला बारीक, कोरडा, डासासारखा.

"हे का वो?" जागेश्वर म्हणाला. "कानात मच्छर गेल्यावानी वाटते."

मग तिने कान पूर्ण पिळला. चारही व्हॉल्व्ह भरून वाजायला लागले आणि सुराला असा काही खरखरीत गोडवा चढला, जशी भरल्या पोटाची म्हैस घुरकते आहे. ढोलकीवाल्या चंपतरावच्या अंगावर काटा आला. पण जागेश्वर गात होता ते कोणालाच ऐकू येत नव्हतं. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि आम्हाला नुसतं मासोळीचं तोंड दिसत होतं. मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला.

जागेश्वरने हात वर केला. सगळं थांबलं. गंमत अशी, की तो रागावला नव्हता.

"हे घुरकणं मले पसंत आहे," तो म्हणाला. "असं पेटीत कधीच नोयतं. पण पोरी, मी मेलो ना त्याच्याखाली! दिघोरीच्या मंडईपर्यंत याले असं कर, का हे घुरकलंही पायजे अन् माहा आवाजही वर राह्यला पायजे. नाई जमलं तर मी लाखांदूरचा कीबोर्डवाला सांगून ठेवतो. मंग यंदा नाई, अन् पुढंही नाई. मंडळ हे, पोट्ट्यांचं खेळणं नोहे."

घरी येताना नंदिनी पुढे पुढे चालत राहिली. ही पोरगी चालतानाही गुणगुणते, झोपेतही बोटं हलवते. त्या वाटेवर दोन्ही बंद होतं, तेव्हा मला समजलं की हे तिच्यासाठी खेळणं नाही.

घरी आल्यावर ती आजोबांसमोर बसली. "आबाजी, याचं ते घुरकणं शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हमधून येते. त्याईले पुरा जोर लावावा लागते, तवा येते. चार आहेत, म्हणून जोर लावेपर्यंत आवाज आभाळात जाते. दोन काढून टाकू. दोघाईवर जोर लवकर पडन, घुरकणं तेच राहीन, अन् आवाज खाली येईन."

बुधरामनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "दोन काढू? शंकरपटाच्या बैलाचे दोन पाय काढ म्हणशीन उद्या!"

"बैल नोहे ना आबाजी, मशीन आहे."

"चाराचं मशीन आहे हे. पाळीच्या पलीकडून मांजर पळाली पायजे!"

"मांजर गाणं ऐकाले येते का?" मी म्हटलं.

पण बुढे ऐकेनात. त्यांनी आपले उपाय सुरू केले. आधी मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. मग स्पीकरवर गोधडी टाकली. घुरकणं जाऊन नुसता उबट हुंकार राहिला, जणू आत कोणी ताप येऊन पडलंय. मग त्यांनी स्पीकर धानाच्या कोठीत ठेवला आणि झाकण लावलं. नंदिनीने तार छेडली. कोठीतून असा आवाज आला, जशी म्हैस विहिरीत पडून मदत मागते आहे. शेजारची उषाबाई खरंच दोर घेऊन धावत आली. आम्ही तिघं अंगणात बसून पोट धरधरून हसलो. उषाबाई दोर हातात घेऊन विचारत होती, "म्हैस कुठी आहे? हसता काहून गा तुमी?"

हसलो खरे, पण मंडई जवळ येत होती. नंदिनी रोज म्हणायची, दोन काढू. बुधराम रोज म्हणायचे, चार राहतील. जाणार ती तिची जागा, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्या चार काचांकडे पाहिलं की त्यांना भोंग्याचे दिवस दिसत, आणि मग ते बहिरे होत.

मंडईचा दिवस उजाडला. पाळण्यांवर पोरं किंचाळत होती, बांगड्या, जिलेबी, फुगे, ऊस, सगळीकडे नुसती दाटी. आम्ही मशीन हातगाडीवर घालून आणलं. खाली पुन्हा तीच गोधडी होती, म्हणजे बुढ्यांचा उपाय ठरलेला होता. मोकळ्या पटांगणात मंडळाने घोंगडी अंथरली. दुपारचं ऊन जरा निवलं होतं. माणसं गोल करून बसू लागली.

एका बाजूला लाखांदूरचा कीबोर्डवाला आपला कीबोर्ड मांडीवर घेऊन तयार बसला होता. भला पोरगा होता, नंदिनीकडे पाहून हसलाही. पण तिचा रंग उतरला.

व्हॉल्व्हना तापायला वेळ लागतो, म्हणून बुधरामनी मशीन आधीच चालू करून ठेवलं. मागची बाजू उघडीच असते, हवा लागावी म्हणून. आत चारही व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लालसर झाले.

आता आमच्या मंडळाची रीत अशी, की खेळ सुरू होण्याआधी सगळ्या वाद्यांची पूजा होते. ढोलकीला कुंकू, झांजेला कुंकू, मग नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी प्रत्येक वाद्यावर शिंपडायचं. जागेश्वर हे फार मनापासून करतो. त्याने ढोलकीवर पाणी शिंपडलं. झांजेवर शिंपडलं. गिटारवर दोन थेंब टाकले. मग तो मशीनसमोर आला. नवीन वाद्य, मंडळात पहिल्यांदा आलेलं. त्याला कमी पडू नये म्हणून त्याने विचार केला, हात जोडले, आणि करवंटीतलं उरलेलं सगळं पाणी मागच्या उघड्या बाजूने आत ओतलं.

टिंग!

एवढाच आवाज झाला. मग चर्र. मग निळी ठिणगी आणि भाजलेल्या खोबऱ्याचा असा खमंग वास सुटला, की पुढच्या रांगेतलं एक लहान पोर म्हणालं, "आई, मले पण पायजे!"

बुधरामनी झडप घालून वायर उपटली. आम्ही वाकून पाहिलं. डावीकडचा पहिला व्हॉल्व्ह उभा तडकला होता. काचेच्या डोक्यावर आतून चांदीसारखा डाग असतो, तो बघता बघता दुधासारखा पांढरा झाला. म्हणजे आत हवा शिरली, म्हणजे तो गेला.

जागेश्वर अर्धा नारळ हातात घेऊन तसाच उभा. "देवाचं पाणी होतं ना गा ते," तो हळूच म्हणाला.

गर्दीतून कौशल्याबाई उठल्या. "ढोलकीले दोन थेंब, झांजेले दोन थेंब, अन् याले आंघोळ! सासऱ्याची उत्तरक्रिया करून राहिले का तुमी?"

"नवीन वाद्य होतं वो..."

"नवीन सून घरात आली तं तिच्यावर घागर उलटी करता का?"

सगळी मंडई हसायला लागली. जागेश्वरही हसला, मग बुधरामचं तोंड पाहून थांबला. दुसरा व्हॉल्व्ह कुठून आणणार? कुरियरने चारच आले होते. कीबोर्डवाल्याने हळूच वायर पिशवीतून बाहेर काढली. नंदिनीने ते पाहिलं.

तिने गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि मशीनपाशी जाऊन बसली. "आबाजी, बल्ब कुठी आहे?"

मशीन बंद केलं तरी त्याच्या पोटात झटका भरलेला राहतो, म्हणून आधी तो बल्ब लावून काढून टाकतात. बुधरामनी खिशातून तारा लावलेला बल्ब काढून दिला. तिने दोन टोकं टेकवली. बल्ब एकदा लख्ख पेटला आणि मरत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळ सुरू झाला.

मग वाळवणं. नंदिनीने ओढणीने आतून पुसलं, आणि कौशल्याबाईंनी शेजारच्या दुकानातून सुपं मागून आणली. चार बाया सुपं घेऊन मशीनला वारा घालायला बसल्या. गर्दी वाढत गेली. कोणी विचारलं, "का झालं गा?" तर कोणी सांगितलं, "मशीनले उन्ह लागलं." एकाने कांदा आणून दिला, हुंगवायला.

पाणी राहिलं नाही अशी खात्री झाल्यावर बुधराम म्हणाले, "तीन तं आहेत अजून. तिघाईवर चालवू."

"नाई चालत आबाजी," नंदिनी म्हणाली. "एका बाजूनं दोन, एका बाजूनं एक. आवाज वाकडा येईन, अन् ट्रान्सफॉर्मर तापन."

"काही नाई होत. तीन काय कमी आहेत?"

आता मला राहवलं नाही. "आइकता का," मी म्हटलं, "मोठं जाळं ओढताना या काठानं दोघं अन् त्या काठानं दोघं असतात. एकानं हात सोडला तं जाळं कसं येते?"

"तिरपं येते," बुधराम म्हणाले. हे त्यांना झोपेतही ठाऊक आहे.

"मंग तुमी का करता?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "त्या काठचाही एक काढतो."

"तं काढा ना गा!"

बुढ्यांनी डावा हात कमरेमागे धरला, मशीनमधला झटका छातीपर्यंत जाऊ नये म्हणून त्यांची ती सवयच आहे, आणि उजव्या हाताने आधी तडकलेला आणि मग उजव्या टोकाचा चांगला व्हॉल्व्ह धोतराच्या सोग्यात धरून हळूच हलवत हलवत काढला. चांगला काढताना त्यांचा चेहरा असा झाला, जशी लेक सासरी चालली. कौशल्याबाईंनी पदर पुढे केला, "द्या इकडं, मी सांभाळतो याले," आणि तो अजून न निवलेला व्हॉल्व्ह पदरात घेतल्याबरोबर "आई गं!" म्हणून उडीच मारली. पण टाकला नाही हो त्यांनी.

"आता चालू करू?" जागेश्वरने विचारलं.

"थांबा ना काकाजी," नंदिनी म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते. "माणसं निम्मी झाली, जाळं तेवढंच आहे. दोघाईले ते जड जाईन. आजी, ट्रान्सफॉर्मरले हलकं जाळं कोणतं आहे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. स्पीकर तोच राहिला, पण त्याची तार दुसऱ्या टोकावर लावली, की व्हॉल्व्हना तो हलका वाटतो, हे बुधरामनीच मला गुंडाळताना समजावलं होतं. समजावलं त्यांनी आणि विसरलेही तेच.

"कमी गुंडाळ्यांवर लावलं तं हलकं पडते," मी म्हटलं. "लाल दोरा."

"पिवळा!" बुधराम म्हणाले.

"पिवळ्यावर आता आहे. लाल!"

"मले वाटते पिवळा हलका."

"तुमाले वाटते! गुंडाळलं कोनं? मधूनच तार काढून लाल दोरा बांधला, अन् मंग पुढं गुंडाळून पिवळा."

नंदिनीने स्वतःच्या बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलवले. "आजीचं बरोबर आहे. लाल."

स्क्रू काढायला कोणाकडे काही नव्हतं. जिलेबीवाल्याने सुरी दिली, तिला पाक लागलेला. म्हणून आजही आमच्या मशीनचा तो स्क्रू चिकट आहे आणि त्याला मुंग्या येतात. तार पिवळ्यावरून निघाली आणि लाल दोऱ्यापाशी बसली.

वायर पुन्हा लावली. दोन व्हॉल्व्ह मधल्या जागी हळूहळू लाल झाले, दोन्ही बाजूंची दोन भोकं रिकामी. एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडात समोरचे दोनच दात उरावेत तसं ते मशीन दिसत होतं. बुधराम कान लावून बसले. भाजल्याचा वास नाही, चरचर नाही. त्यांनी मान हलवली.

नंदिनीने गिटार घेतली. मशीनचा कान पूर्ण पिळला. अगदी शेवटपर्यंत. मी डोळे मिटून घेतले.

तिने पहिली तार छेडली.

ते घुरकलं. तेच घुरकणं, तसंच भरल्या पोटाचं, खरखरीत आणि गोड. पण आता ते आभाळात गेलं नाही. आमच्यामध्ये येऊन बसलं, घोंगडीवर, जसा घरचाच कोणी पाहुणा मांडी घालून बसतो. चंपतरावने ढोलकीवर थाप टाकली. आणि जागेश्वरने तोंड उघडलं:

"बोडीत पडला चांद गा, त्याले जाळ्यात कोण धरन..."

ऐकू आलं! बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. शब्द न् शब्द ऐकू आला. त्याचा गळा वर, गिटार खाली, आणि जिथे तो श्वास घ्यायला थांबे तिथे गिटार त्याचा सूर उचलून धरे आणि पुन्हा त्याच्या हातात देई. जागेश्वरचे डोळे मोठे झाले. त्याला स्वतःचाच आवाज पहिल्यांदा भेटल्यासारखं झालं. त्याने ते कडवं पुन्हा घेतलं. मग पुन्हा. पाचव्यांदा घेतलं तेव्हा चंपतराव ओरडला, "पुढचं कडवं आहे ना गा!" पण जागेश्वरचं लक्षच नव्हतं.

कीबोर्डवाला पोरगा मांडीवरच ताल धरून डोलत होता. मग त्याने कीबोर्ड पिशवीत घातला, दोन्ही हात मोकळे केले आणि टाळ्या वाजवायला लागला.

आता गंमत पाहा. गाणं असं रंगात आलं असताना जागेश्वर नाचत नाचत नंदिनीजवळ आला आणि कानाशी ओरडला, "वाढव ना वो थोडं!"

"पुरं वाढवलं काकाजी! याच्यापुढं नाई जात!"

"असं कसं? अजून पायजे ना!"

बुधराम जागेवरून अर्धे उठले. "सांगत नोयतो मी? चार पायजेत! चार!"

"बसा खाली!" आम्ही तिघी एकदम ओरडलो, मी, नंदिनी आणि पदरातला व्हॉल्व्ह सांभाळत कौशल्याबाई.

जागेश्वरने मशीनला वाढवता येत नाही म्हणून स्वतःचाच आवाज वाढवला. इतका चढवला, की शेवटच्या गाण्याच्या आधी त्याचा गळाच बसला. तोंड उघडलं, आतून फुस्स! नुसती हवा. त्याने पुन्हा प्रयत्न केला. फुस्स. तालमीतलं ते मासोळीचं तोंड पुन्हा एकदा, पण या वेळी मशीनचा काही दोष नव्हता. लोक हसून हसून एकमेकांवर पडायला लागले.

दुसरा एखादा म्होरक्या खेळ संपला म्हणाला असता. जागेश्वर घोंगडीच्या मधोमध उभा राहिला, छातीवर हात ठेवला, नंदिनीकडे बोट दाखवलं, आणि बसक्या आवाजात, पुढच्या रांगेलाच ऐकू येईल एवढं बोलला, "आता हे गाते."

आणि खाली बसला. म्होरक्याची जागा सोडून तो ढोलकीच्या बाजूला बसला आणि हाताने झांज वाजवायला लागला.

नंदिनी उभी राहिली. तिने त्याचीच चाल उचलली, ती चांदाची. शब्द नव्हते. दोन व्हॉल्व्ह अंगातलं सगळं काढून देत होते, तारा घुरकत होत्या, मध्येच हसल्यासारख्या होत होत्या, मध्येच रुसल्यासारख्या. पटांगणातल्या लोकांना शब्द पाठ झालेले होतेच, जागेश्वरने पाच-पाचदा घोकून घेतले होते. लोकच गायला लागले. पाळण्यावरची पोरं वरून गात होती. जिलेबीवाला कढईवर झारा आपटत होता. उषाबाई उठून नाचायला लागली. तिला पाहून मी उठले. माझे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी ते दुखायचं विसरले. कौशल्याबाई पदरात व्हॉल्व्ह घेऊन नाचत होत्या, आणि बुधराम त्यांच्या मागे मागे, "हळू ना वहिनी, फुटन ना ते, हळू," म्हणत फिरत होते. लोकांना वाटलं, तेही नाचताहेत.

खेळ संपला तेव्हा दिवस मावळायला आला होता. मंडळाची माणसं घोंगडी गुंडाळत होती. जागेश्वर कोमट पाण्याचा गडू घेऊन आला. त्याचा आवाज अजून परतला नव्हता. त्याने कीबोर्डवाल्याच्या पाठीवर थाप मारून त्याला निरोप दिला, मग नंदिनीजवळ आला. ती मान खाली घालून वायर गुंडाळत होती. वर पाहण्याची तिला भीती वाटत होती.

जागेश्वर कुजबुजला, "पुढली मंडई करडीले. गाडी पहाटेच निघते. तू पुढं बसजो, डायव्हरजवळ."

पुढची जागा आजवर त्याचीच होती. मागे सामानात बसलेला जागेश्वर कोणी पाहिला नव्हता.

"अन् तुमी काकाजी?"

"मी मागं. ढोलकीवर बसन." मग त्याने बुधरामकडे पाहिलं. "बुधरामभाऊ, तो जो काढला ना व्हॉल्व्ह, तो घरीच ठेवजा गा."

बुधराम मात्र कौशल्याबाईंच्या पदरातून व्हॉल्व्ह परत घेण्याच्या खटपटीत होते, आणि त्या देत नव्हत्या.